रिबिल्ट इंजिन बसवलं, आणि आता लाल किटली पाठ सोडेना

किटलीग्रस्त | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होतो, गरजेपोटी पहिला धागा काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारे) टॅपेट. जुन्या इंजिनाचं रॉड बेअरिंग गेलं म्हणून पूर्ण काम केलेलं इंजिन आणलं. हेडसकट बांधून आलं, पण चेंबर (खालचं ऑइलचं भांडं), स्ट्रेनर (पंप ज्यातून ऑइल ओढतो ती जाळीची नळी), मॅनिफोल्ड, सगळे सेन्सर माझ्या जुन्या इंजिनावरचेच चढवायचे होते. ते मी आणि माझ्या मेव्हण्याने मिळून चढवले. दोन शनिवार-रविवार गेले.

आता तक्रार. सकाळी थंड इंजिन चालू केलं की डॅशबोर्डवरची ऑइलची लाल किटली विझायला सहा-सात सेकंद लागतात. मग सगळं ठीक. पंधरा-वीस मिनिटं चालवून गाडी उभी केली की आयडलिंगला किटली लुकलुकते. जरा रेस दिली की विझते. गरम झाल्यावर वरून टॅपेटची टिकटिकही येते. ऑइल नवीन, ५डब्ल्यू-३०, डिपस्टिकवर बरोबर वरच्या खुणेला. फिल्टर नवा. एकूण चाळीसेक किलोमीटर झालेत.

ज्यांनी इंजिन बांधलं त्यांना फोन केला. म्हणाले, नवीन इंजिन आहे, बसायला वेळ लागतो, पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप जाईल. चालवू का?

जुना फिटर | शनिवार, रात्री ९:५२

नाही. चावी काढून घरात ठेवा. बाकीचं सकाळी लिहितो.

शंकासुर | शनिवार, रात्री १०:०५

एवढं घाबरायचं कारण नाही हो. नव्वद टक्के वेळा स्विचच गेलेला असतो. स्विच बदला आणि २०डब्ल्यू-५० ऑइल टाका. माझ्या गाडीची किटली तशीच गेली. तीन वर्षं झाली.

किटलीग्रस्त | शनिवार, रात्री १०:११

@शंकासुर, तोच मोह होतोय. @जुना फिटर, काका, सकाळची वाट बघतो.

वायरमन | रविवार, सकाळी ७:२०

काका येईपर्यंत माझ्या खात्यातलं सांगून घेतो.

किटली लागणं आणि दाब कमी असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. साध्या गाडीत किटलीचा स्विच म्हणजे इंजिनात खुपसलेला एक बटणासारखा प्रकार. आत पडदा आणि स्प्रिंग. दाब नसला की तो वायर इंजिनाच्या लोखंडाला, म्हणजे अर्थला टेकवतो आणि दिवा लागतो. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या वर गेला की संपर्क तुटतो, दिवा विझतो. म्हणजे किटली विझली याचा अर्थ 'दाब चांगला आहे' असा नाही. 'दाब अगदीच शून्याजवळ नाही' एवढाच त्याचा अर्थ. २००० आरपीएमला ०.८ बार असला तरी किटली गप्प बसेल, आणि बेअरिंग मात्र खाल्लं जात असेल.

आता तपासणी. इंजिन बंद, चावी ऑन. किटली लागली पाहिजे. स्विचची वायर काढा, किटली विझली पाहिजे. विझली नाही तर वायर कुठेतरी चेपून अर्थ झाली आहे. इंजिन चढवताना गिअरबॉक्सच्या घंटीत किंवा माउंटिंगखाली वायर अडकणं नेहमीचंच. मग काढलेली वायर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, किटली लागली पाहिजे. (ज्या गाड्यांत सेन्सर ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जातो तिथे हा खेळ चालत नाही. तिथे स्कॅनर लावा. पी०५२२ आणि पी०५२३ म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजची तक्रार, पी०५२४ म्हणजे खरोखर दाब कमी असल्याची.)

आणि इंजिन ते बॉडी अर्थची जाड पट्टी बसवली आहे ना? हसू नका. इंजिन बदलल्यावर हमखास विसरली जाते.

फावल्या वेळचा मिस्त्री | रविवार, सकाळी ८:०२

वायरमन यांना +१. एक भर घालतो. किटलीचा स्विच आणि काट्याच्या गेजचा सेंडर या वेगळ्या वस्तू आहेत. एक फक्त चालू-बंद, दुसऱ्याचा रोध दाबाप्रमाणे बदलतो. दोन्हीचे आटे कधीकधी सारखेच असतात, त्यामुळे भलताच आरामात बसतो आणि मग डॅशबोर्डवर काहीही दिसतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची हौस असेल तर आवरा. सिंगल वायरचा स्विच अर्थ आट्यांतूनच घेतो, आणि टेपचा तुकडा आत गेला तर तो भोकातच अडकतो.

जुना फिटर | रविवार, सकाळी ८:४५

वायरमननी बरोबर सांगितलंय. ते करा. पण त्याने दिवा कळेल, दाब नाही. दाब कळायला मेकॅनिकल गेज लागतो. स्विच काढायचा, त्याच भोकात अॅडॅप्टर लावून नळीचा गेज जोडायचा. आटे बघून अॅडॅप्टर घ्या. बऱ्याच इंजिनांत १/८ इंची असतात पण सगळ्यांत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या अंगात चुकीचे आटे घुसवलेत तर नवीन दुखणं मागे लागेल. नळी एक्झॉस्टला टेकू देऊ नका.

आकडे असे लिहा: थंड इंजिन आयडलिंगला. मग रेडिएटरचा पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत गरम करून आयडलिंगला, २००० ला, ३००० ला. काटा स्थिर की थरथरतो, तेही लिहा. मोजताना ठकठक ऐकू आली तर लगेच बंद. एवढ्यापुरतंच इंजिन चालू करायचं.

तुमच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. तो नसेल तर जुना ठोकताळा आहे, दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. गरम इंजिनावर. सध्याच्या पातळ ऑइलच्या इंजिनांना तो तंतोतंत लागू नाही, पण अंदाजाला पुरतो.

आता शंकासुर. राग मानू नका, पण घट्ट ऑइल हा इलाज नाही, पांघरूण आहे. पंप दाब तयार करत नाही. पंप फक्त ऑइल ढकलतो. ढकललेल्या ऑइलला बेअरिंगच्या बारीक फटीतून वाट काढताना जी अडवणूक होते, तिचा दाब होतो. ऑइल घट्ट केलं की अडवणूक वाढते आणि गेजला बरं वाटतं. फट जास्त असेल तर फट तिथेच राहिली. पंपाला ऑइलच मिळत नसेल तर घट्ट ऑइल ओढणं त्याला आणखी जड. जुन्या दमलेल्या गाडीला दोन वर्षं ढकलायची असतील तर टाका, मी पण टाकलंय. चाळीस किलोमीटरच्या इंजिनात नाही.

शंकासुर | रविवार, सकाळी ९:१०

राग कसला काका. माझी गाडी दमलेलीच आहे, मालकासारखी.

डिझेलवाली | रविवार, सकाळी ११:३०

मी मोठ्या गाड्यांची इंजिनं बघते, त्यामुळे थोडी वेगळी शंका. जुनं इंजिन बेअरिंग जाऊन मेलं म्हणालात. ऑइल कूलर आहे का? टर्बो? कूलर जुनाच लावला असेल तर आधी तो काढा. बेअरिंगचा चुरा कूलरच्या बारीक जाळीत बसून राहतो, कितीही धुवा, पूर्ण निघत नाही. नवीन इंजिन गरम झालं की तोच चुरा सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो. अशी मेलेली दोन इंजिनं मी स्वतः उघडली आहेत. दोन्ही वेळा दोष बांधणाऱ्याला दिला गेला होता, आणि दोन्ही वेळा इंजिन चांगलं बांधलेलं होतं.

डिझेलमध्ये पिस्टनला खालून ऑइल मारणारे छोटे जेट असतात. बांधताना एखादा वाकला, तुटला किंवा लावायचाच राहिला तर गॅलरीला, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेला, सरळ भोक, दाब गेला. तुमच्यात असतील तर विचारून घ्या.

किटलीग्रस्त | रविवार, दुपारी १:१५

कूलर नाही, टर्बो नाही, जेटही नाहीत. पण वायरमन, तुम्हाला दंडवत! अर्थची पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूने बोल्टाविना लोंबकळत होती. घासून, बसवून घट्ट केली. किटलीची वायर व्यवस्थित आहे. काढली की विझते, टेकवली की लागते.

आणि पट्टी बसवूनही गरम झाल्यावर किटली लुकलुकतेच. गेज उद्या मिळेल.

खरं सांगू का, आता माझा संशय बांधणाऱ्यांवरच पक्का होत चाललाय. क्रँक ग्राइंड केली आणि बेअरिंग स्टँडर्डच टाकली असतील तर?

फावल्या वेळचा मिस्त्री | रविवार, दुपारी २:००

अशक्य नाही. ग्राइंड केलेल्या क्रँकला ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइज बेअरिंग लागतात. पण पाव मिलिमीटर जास्तीची फट राहिली असती तर चाळीस किलोमीटर गेलाच नसता, पहिल्याच दिवशी खालून घणाचे घाव ऐकू आले असते. बेअरिंगच्या पाठीवर आणि बहुधा क्रँकच्या वेबवर साइज कोरलेला असतो. चेंबर उतरवलंत तर बघा.

माझा संशय गॅलरी प्लगवर. ब्लॉक धुताना सगळे प्लग काढतात, आणि टायमिंग कव्हरच्या मागचा एखादा लावायचा राहतो. बाहेर थेंबही गळत नाही कारण गळती आतल्या आत, परत चेंबरमध्येच.

शंकासुर | रविवार, दुपारी २:२०

फिल्टरचं कुणीच बोललं नाही. सहा-सात सेकंद किटली राहते म्हणजे फिल्टरमधला उलट वाहू न देणारा रबरी व्हॉल्व्ह खराब. रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. आता तरी बरोबर बोललो का?

जुना फिटर | रविवार, दुपारी ३:०५

बोललात. ते सहा-सात सेकंद त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले आणि सगळे त्यावरून पुढे गेले. मीसुद्धा. फिल्टर हे एक कारण आहे. दुसरं एक आहे, पण आकडे आल्याशिवाय बोलत नाही.

किटलीग्रस्त | सोमवार, रात्री ८:३०

आकडे, सगळे बारमध्ये.

थंड, आयडलिंग: आधी सात सेकंद शून्य, मग एकदम ३.४
गरम, आयडलिंग: ०.५ च्या आसपास, काटा थरथरतो
गरम, २०००: १.४
गरम, ३०००: १.३

शेवटचा आकडा चुकून लिहिलेला नाही. तीनदा बघितला. रेस वाढवली की दाब किंचित उतरतो. फिल्टर दुसऱ्या बनावटीचा लावून सकाळी पुन्हा पाहिलं, तरी सात सेकंदच.

जुना फिटर | सोमवार, रात्री ९:२०

छान. आता सविस्तर लिहितो, कारण उद्या दुसरं कोणी शोधत इथे येईल.

बेअरिंगची फट जास्त असली तर गरम आयडलिंगला दाब कमी, पण रेस दिली की वाढत जातो. पंप जास्त ढकलतो, फट तेवढीच, म्हणून दाब चढतो. पूर्ण नाही चढत, पण उतरत नाही. न लावलेल्या गॅलरी प्लगचंही तसंच, फक्त थंड इंजिनावरही आकडा मरगळलेला दिसतो. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की ऑइल परत सोडणारा) कचऱ्याने उघडा अडकला असेल तर थंड असो की गरम, दाब एका आकड्याच्या वर जायचं नाव घेत नाही. तुमचा थंड आकडा ३.४ आहे, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होतोय आणि पंपात जीव आहे.

रेस दिल्यावर दाब न चढणं, काटा थरथरणं आणि सकाळी सात सेकंद शून्य. तिन्ही एकत्र धरा. पंप ऑइलबरोबर हवा ओढतोय. बंद गाडीत स्ट्रेनरच्या नळीत हवा शिरते, ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि सकाळी पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. ते तुमचे सात सेकंद. थंड असताना ऑइल घट्ट, बेअरिंगमधून कमी निसटतं, त्यामुळे थोडी हवा आली तरी दाब दिसतो. गरम पातळ ऑइलला ती सवलत नाही. वर रेस दिली की बरंच ऑइल हेडमध्ये जातं, चेंबरमधली पातळी खाली येते, पंपाची ओढ वाढते, हवा आणखी शिरते. म्हणून ३००० ला आकडा २००० पेक्षा कमी.

स्ट्रेनर तुम्ही स्वतः बसवलात ना? पंपाला जिथे जोडला तिथे पॅकिंग होतं की ओ-रिंग?

किटलीग्रस्त | सोमवार, रात्री ९:४१

ओ-रिंग. पॅकिंग सेटमध्ये दोन आल्या होत्या, दिसायला जवळपास सारख्या. एक जरा घट्ट जात होती, म्हणून दुसरी लावली. ती छान सरकन बसली.

...

काका, गप्प का?

जुना फिटर | सोमवार, रात्री ९:५०

चहा प्यायला गेलो होतो.

चेंबर उतरवण्याआधी एक खात्री करता येते. एक लिटर ऑइल खुणेच्या वर टाका. त्याने स्ट्रेनरचा जोड ऑइलमध्ये बुडाला तर हवा शिरायला जागा राहत नाही. गरम आयडलिंगला गेज बघा.

डिझेलवाली | सोमवार, रात्री १०:०४

काकांचा मान राखून सांगते, हे मला फारसं पसंत नाही. ऑइल जास्त झालं की क्रँक त्यात आपटते, फेस होतो, आणि फेसानेही दाब उतरतो. म्हणजे चाचणीच खोटी ठरायची. शिवाय सील आहेत.

जुना फिटर | सोमवार, रात्री १०:१५

बरोबर आहे. म्हणून फक्त आयडलिंगला, पाच मिनिटं, रेस न देता. मग लगेच जास्तीचं काढून टाकायचं. आणि जोड चेंबरमध्ये वर असेल तर एक लिटरने तो बुडणारही नाही. म्हणजे दाब सुधारला तर पुरावा, नाही सुधारला तर काहीच सिद्ध झालं नाही. ज्यांना नको त्यांनी सरळ चेंबर उतरवावं.

किटलीग्रस्त | मंगळवार, रात्री ९:००

एक लिटर जास्त टाकून गरम आयडलिंग: ०.५ वरून १.२. काटा जवळजवळ स्थिर.

जास्तीचं ऑइल काढलं. शनिवारी चेंबर.

फावल्या वेळचा मिस्त्री | बुधवार, सकाळी ७:५०

खाली जाताच आहात तर दोन गोष्टी. स्ट्रेनरच्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे आहेत का बघा. चेंबरला सढळ हाताने सिलिकॉन लावलं की बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही पिळून निघतं, आणि सुटून थेट जाळीवर. आणि स्ट्रेनर व चेंबरच्या तळातलं अंतर मोजा, मातीचा गोळा ठेवून चेंबर दाबलं की ठसा मिळतो. सहा ते दहा मिलिमीटर बरं. तळ ठोकर लागून आत गेला असेल तर स्ट्रेनरचं तोंडच दाबलं जातं.

किटलीग्रस्त | शनिवार, सायंकाळी ६:४५

उतरवलं. ओ-रिंग बारीकवाली होती. नळी पंपात हाताने हलत होती! सेटमधली दुसरी, जरा जाड, तिला ऑइल लावून बसवली. घट्ट गेली, जशी जायला हवी होती तशी. जाळीत सिलिकॉनची एक शेपटी सापडली, मेव्हण्याच्या नावावर टाकली आहे. अंतर आठ मिलिमीटर.

एवढं उघडलंच होतं म्हणून एक मेन आणि दोन रॉडच्या कॅप काढल्या. बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ कोरलेलं, क्रँकवरही तेच. प्लास्टिगेज (दाबून फट मोजायचा मऊ धागा) लावलं: क्रँकच्या ४८ मिलिमीटरच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) फट ०.०४५ मिलिमीटर. पृष्ठभागावर थोडे केसासारखे ओरखडे, तांबं कुठे दिसत नाही.

म्हणजे बांधणाऱ्यांनी काम चोख केलं होतं आणि मी आठवडाभर त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो. 'पाचशे किलोमीटर चालवा' हे मात्र त्यांचं चुकलंच, त्यावर मी ठाम आहे.

जुना फिटर | शनिवार, सायंकाळी ७:१०

०.०४५ उत्तम आहे. जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग, हा जुना हिशेब. ओरखडे चालतील. रॉडचे बोल्ट कोनात फिरवून कसायच्या जातीचे असतील तर तेच पुन्हा वापरू नका, नवीन टाका.

चालू करण्याआधी नवा फिल्टर ऑइलने भरून लावा. मग स्पार्क प्लग काढा, इंधन बंद करा, आणि स्टार्टरवर थोडं थोडं फिरवा, गेजवर दाब दिसेपर्यंत. दहा सेकंद फिरवायचं, स्टार्टरला दम खाऊ द्यायचा. प्लग काढलेले असल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही. दाब दिसला की मगच प्लग लावा.

डिझेलवाली | शनिवार, सायंकाळी ७:३०

आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फिल्टर काढून कापा. करवतीने नाही, लोखंडाचा कीस आत पडतो आणि आपल्यालाच फसवतो. कापायचं हत्यार मिळतं. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. चुंबकाला चिकटतं ते पोलाद किंवा बीड, नव्या रिंगांचं थोडं येणारच. चुंबकाला न चिकटणारी चकाकी वाढत गेली तर ते बेअरिंग.

किटलीग्रस्त | पुढचा रविवार, रात्री ८:२०

नवीन रॉड बोल्ट यायला वेळ लागला. आकडे:

थंड आयडलिंग ४.२, किटली दोन सेकंदांत गुल.
गरम आयडलिंग १.४, काटा खिळल्यासारखा.
२००० ला २.९, ३००० ला ३.९.

टॅपेट पाच मिनिटं टिकटिकले आणि गप्प झाले. सगळ्यांचे मनापासून आभार. फिल्टर कापल्यावर फोटो टाकतो.

वायरमन | पुढचा रविवार, रात्री ८:३५

गेज काढताना स्विच जुनाच लावू नका. ऑइलने आतून गळायला लागला की वायरीतून ऑइल तिच्या कनेक्टरपर्यंत चढतं. एवढं सगळं केलंत, तो नवाच टाका.

शंकासुर | पुढचा रविवार, रात्री ९:००

म्हणजे शेवटी स्विच बदलायचाच. मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?

नवा सभासद | तीन आठवड्यांनी, गुरुवार

धागा वर काढतोय, माफी असावी. माझंही काम केलेलं इंजिन, पण किटली आयडलिंगला लागत नाही. जोरात ब्रेक मारला किंवा लांब वळण घेतलं की एक क्षण चमकते. गेजवर बाकी सगळं उत्तम. ओ-रिंग नवीन आणि बरोबर आहे, हा धागा वाचूनच बसवली.

जुना फिटर | गुरुवार, रात्री

ऑइल एका बाजूला जातं आणि स्ट्रेनर उघडा पडतो. डिपस्टिक आणि तिची नळी कुठल्या इंजिनाची आहे? नव्याबरोबर आलेली की जुन्यावरची?

नवा सभासद | शुक्रवार, सकाळी

जुन्यावरची. बसली म्हणून लावली.

जुना फिटर | शुक्रवार, दुपारी

सगळं ऑइल काढा, फिल्टर बदला. मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट जितके लिटर सांगितलेत तितके मापाने मोजून भरा. दोन मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघा.

नवा सभासद | शनिवार, दुपारी

मोजून भरलं. ऑइल वरच्या खुणेच्या दीड बोट वर दिसतंय. म्हणजे इतके दिवस लिटरभर कमीच होतं. कानशीने नवी खूण केली आहे.